लांबच्या प्रवासाला निघताना घराचे काय?

तिकिटे निघाली, व्हिसा हाती आला, बॅगांची वजने करून झाली. पण घराचे काय करायचे हा प्रश्न सुटलेला नाही, अशी अवस्था शहरांतील अनेक कुटुंबांची होते. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेले असते. कुणाला कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलेले असते. कुणी निवृत्तीनंतर नर्मदेच्या पायी परिक्रमेचा संकल्प सोडलेला असतो. परंपरेप्रमाणे ती करायची तर ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस लागतात. या सर्वांच्या मागे राहते ती दोन-तीन खोल्यांची सदनिका आणि तिच्यात साठलेला पंचवीस-तीस वर्षांचा संसार.

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही सदनिका म्हणजे आयुष्यभराच्या बचतीतून उभी राहिलेली, बहुधा एकमेव मोठी मालमत्ता असते. त्यामुळे निर्णय घेताना जोखीम नको म्हणून घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली जाते. घर भाड्याने द्यावे असे कुणी सुचवले, तर घरातील ज्येष्ठ मंडळी एकच प्रश्न विचारतात : भाडेकरू निघालाच नाही तर? हा प्रश्न अनाठायी नाही. मात्र तो ज्या कायद्यातून जन्मला, तो कायदा आज राहिलेला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

भीतीचा उगम

मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर शहरात लोटलेल्या गर्दीला घरमालकांच्या मनमानीपासून संरक्षण देणे हा त्याचा हेतू होता. भाडे १९४० च्या पातळीशी बांधले गेले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अत्यंत कठीण झाले. यातून वाट काढण्यासाठी मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचा आश्रय घेतला. भाडेपट्ट्यात भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लायसन्समध्ये ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ मध्ये ही व्याख्या पूर्वीपासूनच होती.

पुढे १९७३ मध्ये राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर घरात राहत होते, त्यांना भाडेकरूचे संरक्षण देण्यात आले. अकरा महिन्यांसाठी घर दिलेल्या अनेक मालकांची जागा त्यामुळे कायमची अडकली. ही आठवण मुंबई-पुण्यातील घराघरांत राहिली आणि ‘घर बंद ठेवू, पण भाड्याने देणार नाही’ असा निर्धार पुढच्या पिढीकडे वारशाने आला.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि परिस्थिती बदलली. या कायद्याच्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपताच परवानाधारकाने ती मालकाच्या ताब्यात देणे बंधनकारक आहे. त्याने ती दिली नाही, तर मालकाला नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर जितके दिवस तो राहील, तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई त्याला द्यावी लागते. शिवाय लेखी करारात जे नमूद केले आहे, तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. प्रक्रियेला काही महिने लागू शकतात, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या खटल्याची भीती योग्य करार केलेल्या मालकाला बाळगण्याचे कारण नाही.

बंद घर फुकट पडत नाही

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. बंद घराला खर्च नसतो, हा समज मात्र चुकीचा आहे. सोसायटीचे मासिक शुल्क, मालमत्ता कर आणि विजेचा स्थिर आकार चालूच राहतो. समजा, सोसायटीला दरमहा चार हजार रुपये भरावे लागतात, तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार रुपये केवळ कुलूप सांभाळण्यासाठी जातात. मिळू शकले असते असे भाडे यात धरलेले नाही.

पैशांपेक्षाही घराची आबाळ महाग पडते. कोकण किनारपट्टीच्या दमट हवेत एका पावसाळ्यात भिंतींवर आणि कपड्यांवर बुरशी चढते. स्नानगृहाच्या नहाणी ट्रॅपमधले पाणी आटले, की गटाराचा वास आणि झुरळे थेट घरात येतात. एखादा नळ ठिबकत राहिला किंवा पाइपचा जोड सुटला, तर ते खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल आल्यावरच कळते. वाळवीला तर शांतता आणि अंधार हवाच असतो. अनेक अग्निविमा पॉलिसींमध्ये घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ बंद राहणार असल्यास विमा कंपनीला कळवण्याची अट असते. ती न पाळल्यास ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

तीन-चार महिन्यांच्या प्रवासासाठी घर भाड्याने देण्याचा खटाटोप सहसा परवडत नाही. तेवढ्या काळासाठी कुलूप आणि पंधरा दिवसांतून एकदा दारे-खिडक्या उघडून पाहणारा विश्वासू माणूस ही व्यवस्था पुरेशी असते. मुक्काम वर्षभराचा किंवा त्याहून मोठा असेल, तर मात्र घर वापरात राहणे घराच्या आणि मालकाच्याही हिताचे ठरते.

कागद पक्का हवा

कलम २४ चे संरक्षण हवे, तर कलम ५५ ची अट पाळावी लागते. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाही, हा समज अजूनही आढळतो. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. त्यातून हा अकरा महिन्यांचा प्रघात पडला. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे एका महिन्याच्या करारालाही नोंदणीतून सूट नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे.

खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळण्याचेही कारण नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या करारासाठी मुदतीतील एकूण भाडे आणि परत करायच्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. समजा, भाडे तीस हजार रुपये, अनामत एक लाख रुपये आणि मुदत अकरा महिने आहे. भाड्याचे ३,३०,००० आणि व्याजाचे सुमारे ९,१६७ रुपये मिळून ३,३९,१६७ रुपये होतात. त्यावर शुल्क येते साधारण साडेआठशे रुपये. महापालिका क्षेत्रात एक हजार रुपये नोंदणी फी वेगळी. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांच्या आधारे ही नोंदणी घरबसल्याही करता येते.

मुदत ठरवताना परतीची तारीख हाताशी ठेवावी. करार आपल्या परतीच्या किमान तीन आठवडे आधी संपेल, असे पाहावे. जागेची पाहणी, अनामतीचा हिशेब, रंगसफेदी आणि दुरुस्ती यांना तेवढा अवधी लागतोच. विमानतळावरून थेट घरी यायचे आणि आत दुसरे कुटुंब जेवायला बसलेले असायचे, हा प्रसंग कुणावरच येऊ नये. परतणे लवकर होण्याची शक्यता असेल, तर दोन्ही बाजूंसाठी एक-दोन महिन्यांच्या पूर्वसूचनेची अट करारात घालावी. ही शक्यता जागा घेणाऱ्याला आधीच सांगणे सचोटीचे ठरते. त्याच्या मुलांच्या शाळेचे वर्षही त्यावर अवलंबून असते.

सोसायटी, पोलीस आणि प्राप्तिकर

घर देण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवून कराराची प्रत द्यावी. सोसायटी अशा सदस्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. परंतु राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. यातील सेवा शुल्क म्हणजे महिन्याचे संपूर्ण बिल नव्हे. पालिकेचे कर त्यातून वगळलेले असतात. सेवा शुल्क अडीच हजार रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्काची कमाल मर्यादा अडीचशे रुपये होते. आई-वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशा जवळच्या नातेवाइकांना राहायला दिले, तर हे शुल्क आकारता येत नाही.

राहायला येणाऱ्यांची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे. आगाऊ अनामत मिळाल्याच्या आनंदात ही नोंद विसरली जाते आणि चौकशीची वेळ आली, की मालकाला परदेशातून धावपळ करावी लागते. पुण्यातील मालकांनी आणखी एक बाब तपासावी. स्वतःच्या राहत्या घराला मालमत्ता करात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिल्यास मिळत नाही. भाडे ठरवतानाच हा फरक हिशेबात धरलेला बरा.

घरभाड्याचे उत्पन्न करपात्र असते. त्यातून भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के इतकी प्रमाणित वजावट मिळते. मालक निवासी भारतीय असेल आणि भाडे दरमहा ५० हजार रुपयांहून अधिक असेल, तर जागा घेणाऱ्या व्यक्तीने त्यातून कर कापायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे. परदेशातील मुक्काम लांबून मालक करासाठी अनिवासी ठरला, तर मात्र चित्र पालटते. अशा वेळी भाडे कितीही असले, तरी त्यातून ३० टक्के कर आणि त्यावरील उपकर कापूनच ते द्यावे लागते. जागा घेणाऱ्याला याची कल्पना नसते आणि पुढे प्राप्तिकर खात्याची नोटीस त्याच्याच नावे येते. म्हणून नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याने ही अट करारातच लिहावी. बँकेतील साधे बचत खातेही अनिवासी सामान्य म्हणजे ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते.

संसार कुठे ठेवायचा?

घर देण्याचा निर्णय झाला, की दुसरा आणि मनाला अधिक कठीण जाणारा प्रश्न समोर येतो. आजीची पितळी भांडी, लग्नातले शालू, मुलांची पुस्तके, वडिलांनी जपलेल्या दिवाळी अंकांचे गठ्ठे यांचे काय करायचे? सुरुवात यादीने करावी. प्रत्येक वस्तूपुढे चारपैकी एक शब्द लिहावा : सोबत, घरातच, ठेवणीत, देऊन टाकणे. नवरा-बायकोने ही यादी वेगवेगळी करून मग एकत्र बसावे. वाद कोणत्या वस्तूंवर होणार, हे निघण्याच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा दोन महिने आधी कळलेले चांगले.

खाट, जेवणाचे टेबल, पंखे, गिझर अशा वस्तू घरातच ठेवल्या तर भाडेही थोडे अधिक मिळते आणि त्या वापरात राहतात. त्यांची यादी छायाचित्रांसह कराराला जोडावी. शीतकपाट बंद ठेवायचे झाल्यास आतून कोरडे करून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे. धुलाई यंत्रातले पाणी पूर्ण काढून टाकावे. घड्याळे आणि रिमोटमधील बॅटऱ्या काढाव्यात. त्या पाझरल्या, की आतील जोडण्या गंजतात. गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून त्याची पावती जपून ठेवली, तर परतल्यावर जोडणी पुन्हा सुरू करता येते.

अनेक जण एक खोली कुलूपबंद करून उरलेले घर देतात. ही सोय स्वस्त आणि सोपी वाटते. पण ती खोली करारातून वगळल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर पुढे त्यावरून कटकटी होतात. खोली कोणी आणि कशी उघडायची, गळती झाल्यास आत प्रवेश कसा करायचा, हेही लिहावे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली किंवा ओल येणारी खोली यासाठी निवडू नये.

दुसरा पर्याय सामान साठवून देणाऱ्या खासगी गोदामांचा. मोठ्या शहरांत खोक्यांच्या संख्येवर किंवा चौरस फुटांवर मासिक आकार घेऊन ही सेवा मिळते. ठेवलेल्या वस्तूंची सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूंची घेईल तितकी काळजी घेणे, हे अशा ठेवीदाराचे कर्तव्य असल्याचे भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १५१ सांगते. तरीही पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. विमा कोणाचा आणि किती रकमेचा? वाळवी-उंदरांसाठी फवारणी किती दिवसांनी होते? मध्येच एखादी वस्तू हवी असल्यास ती कशी मिळेल? आणि आकार थकल्यास सामानाचे काय केले जाते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. दोन वर्षांचा एकूण आकार सामानाच्या किमतीहून जास्त होत असेल, तर जुना सोफा साठवण्यापेक्षा गरजूला दिलेला बरा.

कपड्यांसाठी आपल्या घरांत चालत आलेली पद्धत आजही उपयोगी आहे. जरीच्या साड्या पूर्ण कोरड्या करून स्वच्छ सुती कापडात गुंडाळाव्यात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. त्याऐवजी वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवावेत. पुस्तके जमिनीला टेकवून ठेवू नयेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत. आत अडकलेला ओलावा कसरीला आमंत्रणच देतो.

दागिने आणि मूळ कागदपत्रे यांची जागा बँकेच्या लॉकरमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे तीन हजार रुपये असेल, तर ही मर्यादा तीन लाखांची. ऐवज त्याहून मोठा असल्यास वेगळा विमा घ्यावा. लॉकरला वारस नेमलेला आहे का, हे जाण्यापूर्वी पाहावे. घराचा मूळ करारनामा, सूची क्रमांक दोन आणि सोसायटीचा भागदाखला यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

इथला माणूस

सर्व कागद पूर्ण केल्यावरही एका गोष्टीवाचून व्यवस्था अपुरी राहते. जबाबदारी घेणारे एक माणूस गावात हवे. पहिला करार आपण निघण्यापूर्वी स्वतः करू शकतो. तो अकरा महिन्यांनी संपतो, तेव्हा आपण दहा हजार किलोमीटर दूर असतो आणि नव्या नोंदणीसाठी मालकाची सही व ठसा लागतो. यासाठी भाऊ, बहीण किंवा खात्रीच्या स्नेह्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे. ते दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेले असावे आणि त्यात याच सदनिकेचा लायसन्स करार करणे, भाडे स्वीकारणे, सोसायटीशी पत्रव्यवहार करणे एवढेच मर्यादित अधिकार असावेत. विक्रीचा अधिकार देण्याची गरज नसते. परदेशात गेल्यावर हे आठवले, तर भारतीय वकिलातीत सही करून ते पाठवावे लागते आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

या माणसाला नुसती किल्ली देऊन भागत नाही. नळजोडणीचा मुख्य कॉक कुठे आहे, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक काय, घरचा प्लंबर कोण, अचानक दुरुस्ती निघाल्यास किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करावा, हे एका कागदावर लिहून द्यावे. त्या कामासाठी थोडी रक्कमही त्याच्याकडे आगाऊ ठेवावी. नाते कितीही जवळचे असले, तरी दुसऱ्याच्या घरासाठी पदरचे पैसे घालून ते परत मागणे कुणालाही अवघड जाते. अनेक कुटुंबांतील अबोला अशाच न मागितलेल्या बिलांतून सुरू होतो.

निघण्याच्या दोन-तीन महिने आधी यादी आणि कुलमुखत्यारपत्र, महिनाभर आधी करार आणि सोसायटीचे पत्र, शेवटच्या आठवड्यात सामानाची हलवाहलव आणि मीटरच्या आकड्यांची छायाचित्रे, असा क्रम ठेवला तर धावपळ टळते. घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना जीव थोडा खालीवर होणारच. तिच्यासोबत नोंदवलेला करार, सामानाची यादी आणि इथल्या माणसाचा क्रमांक असेल, तर प्रवासातल्या प्रत्येक मध्यरात्रीच्या फोनने घराची आठवण येऊन दचकण्याची वेळ येणार नाही. परतल्यावर दार उघडेल ते आपल्याच घराचे, आणि बहुधा आपण ठेवले होते तसेच.